उभी आहेस ते घर

गिरणाऱ्याच्या आमच्या शाळेचा व्हरांडा एकवीस फरश्यांचा.
मोजून घेतला, कारण संख्यारेषा काढायची होती.
पोलिओच्या पाटीतून उरलेला पिवळा रंग होता,
ब्रश नव्हता, म्हणून कडुनिंबाची काडी चावून तिचाच केला.
ऑफिसच्या उंबऱ्याशी शून्य,
नळाजवळ वीस.
अकराची फरशी फुटकी. तिथं पोरं
आपसूक पाय जपतात
आणि अकरा कधी विसरत नाहीत.

पहिलीला सव्वीस पोरं.
बेरीज म्हणजे पुढं जाणं, मी सांगते.
तीनवर उभं राहायचं, अधिक दोन म्हणजे दोन उड्या,
पाय पडेल ते उत्तर.
साहिल ढिकले पाचवर पोचतो आणि दंड थोपटतो,
जणू कुस्ती मारली.
गौरी थेटेचा एक पाय चारात, एक पाचात,
तिला दोन्ही उत्तरं हवी असतात.

मोनाली गावित तीनवर उभी राहते,
स्वतःच्या पायांकडे बघते, म्हणते, "एक."
मग चारवर, "दोन."
आणि थांबते.
तीन अधिक दोन, चार.

"अगं, उभी आहेस ते घर मोजायचं नाही."
"का?"
"तिथं तू आधीच आहेस ना."
"म्हणूनच तर," ती म्हणते.

चिंचोके झाले, बटणं झाली, जिन्याच्या पायऱ्या झाल्या.
ही नेहमीची चूक, प्रशिक्षणात सांगितलं होतं,
सरावानं जाते.
मोनालीची गेली नाही.

बुधवारी तिची आई आली.
सुरगाण्याकडची, द्राक्षांच्या थिनिंगला आलेली,
बोटांना औषधाचा वास,
मुठीत मुकादमाची चिठ्ठी.
"बाई, तीन तारखेपासनं नऊपर्यंत कामावर.
तो म्हणतो, नवातून तीन गेले, सहा रोज.
मला सात वाटतात."
मी कागद घेईपर्यंत
ती व्हरांड्यात वाकली, तीनवर पंजा टेकवला.
"ही तीन तारीख. ह्या दिवशी मी बागेत उभी होते,
उजाडायच्या आधीपासनं.
हा धरायचा का नाही?"
आणि एकेका फरशीवर हात ठेवत गेली
नऊपर्यंत.
मोनाली शेजारी उकिडवी बसून ओठ हलवत होती.
तिला तो हिशेब पाठ होता.

सात, मी म्हटलं.
चिठ्ठीमागं लिहून दिलं, सही केली,
शाळेचा शिक्काही मारला.
शिक्क्याचा अधिकार मला नाही,
मुख्याध्यापक बँकेत गेले होते.

नवातून तीन गेले, सहा.
हेही मीच शिकवणार आहे,
पुढच्या महिन्यात, ह्याच फरश्यांवर,
मागं मागं उड्या मारत.
त्या रात्री भाकरी करताना
तव्यावर किती आणि टोपलीत किती,
दोनदा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी खडूनं कमानी काढल्या,
तीनापासून चारापर्यंत एक,
चारापासून पाचापर्यंत एक.
म्हटलं, ह्या उड्या. आणि हे चौकोन, ही घरं.
दिवस घरांसारखे असतात,
आपण त्यांच्यात पूर्ण राहून बाहेर पडतो.
बेरजेत मात्र उड्या धरायच्या.
साहिल जांभई देत होता, त्याला आधीपासून येतं.
गौरीनं विचारलं, विसाच्या पुढं काय?
नळ, मी म्हटलं, पण ती चिखलात उतरलीसुद्धा,
एकवीस, बावीस.

मोनालीनं कमानीवरून बोट फिरवलं,
बोटाला लागलेला खडू फ्रॉकला पुसला.
तीनवर उभी राहिली.
पायाखाली नीट बघून घेतलं.
"बाई, आज घरं धरायची का उड्या?"
"उड्या."
"बरं."
एक. दोन. पाचवर गेली.

मुकादमानं सातवा रोज दिला की नाही,
ते मी अजून विचारलेलं नाही.

पाचवरून ती मागं वळली,
रिकाम्या तीनकडं बोट दाखवलं,
म्हणाली,
"ते पण लक्षात ठेवा हां."